घरात दिसणारा ठिपका

इमारतीतली माणसं त्यांना मेनस्विच म्हणायची. सुरुवातीला पाठीमागे, मग हसत हसत तोंडावर, आणि पुढे पुढे तर त्यांचं खरं नाव विचारलं तर दोन मजल्यांवरची माणसं एकमेकांकडे बघत राहिली असती. खोलीतून पाऊल बाहेर पडण्याआधी त्यांचा हात बटणांकडे जायचा. स्वतःच्या घरात जायचाच, पण दुसऱ्यांच्या घरातही जायचा. कुणाकडे बसायला गेले की निघताना सवयीने पंखा बंद करून निघायचे आणि घरची माणसं तिथेच घाम पुसत बसलेली असायची. जिन्यातला दिवा दिवसाढवळ्या जळताना दिसला की पोटात दुखल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

"सगळ्या जगाची बटणं सापडली तुम्हाला," बायको म्हणायची, "माझ्या तोंडाचं तेवढं सापडलं नाही."

"शोधतोय," ते म्हणायचे, आणि तिच्या पाठीमागून स्वयंपाकघरातला दिवा घालवायचे. मग अंधारातून तिचा आवाज यायचा, की अहो, मी अजून आत आहे.

नोकरीभर ते एका शीतगोदामात वायरमन होते. फळांच्या नि भाज्यांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या, बाहेर कितीही ऊन असलं तरी आत स्वेटर घालावा लागायचा. पाळी संपली की शेवटची फेरी त्यांची. दिवे, पेट्या वाहणारे पट्टे, वजनकाटे, ऑफिसातले पंखे, एकेक करत सगळं बंद करत दारापर्यंत यायचं. फक्त एक गोष्ट बंद करायची नाही, ती म्हणजे गारवा राखणारा कॉम्प्रेसर. एकदा ते रजेवर असताना बदलीवर आलेल्या माणसाने तोही बंद केला होता. सगळा माल नासला, आणि तो वास भिंतींतून जाता जाईना. परत आल्यावर त्यांनी कॉम्प्रेसरच्या स्विचच्या दांड्याला लाल चिंधी बांधली. ती विटली की नवी बांधायचे. येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी हात धरून तिथे न्यायचे आणि सांगायचे, बाकी काय वाटेल ते विसर, पण चिंधी दिसली की हात मागे.

निवृत्त झाले आणि हाताला काम राहिलं नाही. तेवढ्यात घराघरांत मोबाईल शिरले, आणि मेनस्विचना दुसरी नोकरी लागल्यासारखं झालं. कुणाचा फोन दुपारीच मान टाकायचा, कुणाचा खिशात ठेवल्या ठेवल्या तापायचा. ते चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे, फोन हातावर तोलून बघायचे, जणू वजनावरूनच रोग कळणार आहे. मग सेटिंग उघडून दाखवायचे की बघा, हे खरेदीचं ॲप तुम्ही सकाळी बघून मिटलंत ना, ते मिटलेलं नाही. मागे चालूच आहे. हे खेळाचं, हे बातम्यांचं, हे हवामानाचं. एवढ्या हवामानाचं काय करायचंय, खिडकी उघडून बघा की. दिसत नाही म्हणून बंद आहे असं समजू नका, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कुठल्या ॲपला मागे चालायची परवानगी हवी नि कुणाला नको, ते एकेक करून लावून द्यायचे. पहिल्यांदा ते सगळीच ॲप्स बोटाने वर सरकवून फेकून द्यायचे. मग एकदा मुलीने समजावलं की बाबा, सारखी बंद करून पुन्हा उघडली तर बॅटरी उलट जास्त जाते, त्यापेक्षा जी उगाच जागी राहतात तेवढ्यांनाच अडवा. ते त्यांना पटलं. तेव्हापासून सगळ्यांना तसंच सांगू लागले, फक्त मुलीने सांगितलं हे सांगायचे नाहीत.

समोरच्या घरात एक शिंपीण राहायची, नवऱ्यामागे मशीनवर घर चालवणारी. तिचा फोन त्यांनी असा सुधारला होता की गिऱ्हाइकांना ती मेनस्विचचं नाव मापाबरोबरच सांगायची.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं, तेव्हाच बायकोचं विसरणं सुरू झालं. आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. चहात पावडरच नाही, नुसतं गरम गोड दूध समोर आलं तेव्हा त्यांनी थट्टा केली. भाजीत दोनदा मीठ पडलं तेव्हा दोघंही हसली. मग एके दिवशी ती धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेऊन बसली. त्यांनी सांगितलं की अगं हे आत्ताच वाळत घातले होते. त्यावर तिने चोरी पकडली गेल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं, आणि बादली तशीच टाकून आत जाऊन बसली. त्या दिवसानंतर त्यांनी तिला दुरुस्त करणं सोडलं. बिनपावडरीचा चहा गुपचूप पिऊन टाकायचे.

एकदा ती खाली कचरा टाकायला गेली ती परतच येईना. शेवटी शेजारच्या इमारतीच्या त्याच मजल्यावर, तशाच रंगाच्या दारापुढे पायरीवर बसलेली सापडली. किल्ली लागत नाही म्हणत होती.

दुसऱ्या शहरातून मुलगी धावत आली. तिने आईचे केस विंचरले, नखं कापली, आणि आई झोपल्यावर वडिलांपुढे विषय काढला. तिच्या ऑफिसजवळ एक घर होतं, अशा विसरणाऱ्या बायकांना सांभाळणारं. नर्स असतात, दाराला पहारा असतो, ती स्वतः रोज संध्याकाळी जाऊन बसेल. पण तिथे फक्त बायकांनाच ठेवतात, आणि मुलीच्या घरात सासू-सासरे, दोन मुलं, वडिलांची खाट टाकायलाही जागा नव्हती. म्हणजे आई तिकडे गेली की बाबा इकडे एकटे.

 मेनस्विच म्हणाले, की ती मला विसरलेली नाही अजून. विसरेल तेव्हा ने.

मुलीलाही ते जड जात होतं. शेवटी तिने एक मधला मार्ग काढला. स्वतःचा जुना फोन आईला दिला आणि त्यात एक ॲप टाकलं. आई जिथे जाईल तिथला ठिपका बाबांच्या फोनवरच्या नकाशात दिसणार. शिंपिणीने निळ्या कापडाची पिशवी शिवली, गळ्यात अडकवायची, बटणाची. फोन त्यात बसवला. मुलीने वडिलांना समोर बसवून सांगितलं, "बाबा, तुम्ही सगळी ॲप्स झोपवता, मला माहीत आहे. याला लाल चिंधी बांधली आहे असं समजा. आणि एक. आई अशी हरवली परत, की मग मी ऐकणार नाही. तिला घेऊन जाईन."

"कबूल," ते म्हणाले. गोदामात मोठ्या साहेबाला सांगावं तसं म्हणाले.

त्यानंतरचे महिने एका ठिपक्याभोवती फिरू लागले. मेनस्विच भाजी आणायला जायचे, वांगी निवडता निवडता फोन बघायचे. ठिपका घरात. दाढी करायला बसायचे, साबण लावलेल्या तोंडाने फोन बघायचे. ठिपका घरात. कधी तो जिन्याकडे सरकलेला दिसला की अर्धी दाढी तशीच ठेवून उठायचे. न्हावी म्हणायचा, काका, लग्नाआधी एवढं लक्ष ठेवलं असतंत तर काकूंनी दुसरा बघितला असता. ते हसायचे, पण थांबायचे नाहीत. घरी जाऊन बघावं तर ती शिंपिणीच्या मशीनजवळ चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसलेली असायची. मग तेही तिथेच टेकायचे. ती त्यांना पिवळ्या चिंध्या वेगळ्या करायला लावायची आणि चुकलं की हातावर चापट मारायची.

अडचण एकच होती. मुलीचा फोन जुना, त्याची बॅटरी थकलेली. ते ॲप दिवसभर जागं राहून ठाव घेत असायचं, त्यामुळे दुपार कलली की फोन बंद पडायचा आणि त्यांच्या नकाशावरचा ठिपका राखाडी व्हायचा. तेवढा वेळ त्यांचा जीव टांगणीला. तिला एका जागी बसवून फोन चार्जरला लावावा तर तिला ती वायर सहन व्हायची नाही. गळ्याला दोरी बांधली म्हणून रडायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅटरी वाचवल्या, आणि जिच्यासाठी वाचवायला हवी तिचीच वाचेना, हे त्यांना रात्रंदिवस टोचत होतं.

म्हणून मग एका दुपारी ते तिचा फोन घेऊन बसले. पडद्याचा उजेड कमी केला. मुलीच्या काळातली कितीतरी ॲप्स त्यात तशीच पडून होती, बँकेची, तिकिटांची, स्वयंपाकाची. त्यांतली काही काढली, काहींचं मागे चालणं अडवलं. ठिपक्याच्या ॲपला त्यांनी हात लावला नाही. त्याच्यापाशी आले की बोट खरंच मागे घ्यायचे. सगळं झाल्यावर फोननेच एक पाटी वर आणली, की कितीतरी दिवसांत न उघडलेली ही ॲप्स उगाच बॅटरी खात आहेत, झोपवू का? खाली बारीक अक्षरांत नावांची रांग होती. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. पण प्रश्न त्यांच्याच मनातला होता, जणू फोन त्यांच्याकडूनच शिकला होता. त्यांनी 'हो' दाबलं.

ठिपक्याचं ॲप त्या रांगेत होतं. बायकोच्या फोनवर ते कोण उघडणार? ते बघायचं असायचं ते त्यांच्या फोनवर. तिच्या फोनच्या लेखी ते कुणालाच नको असलेलं ॲप होतं.

त्या दिवशी फोन दिवेलागणीपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशीही. मेनस्विच इतके खूश झाले की शिंपिणीला बोलावून बॅटरीचा आकडा दाखवला. ती म्हणाली, काका, आता तुम्ही फी लावा. ठिपका घरात दिसत होता आणि बायकोही घरातच होती, पाऊस-वाऱ्यामुळे त्या दिवसांत कुणीच फारसं बाहेर पडलं नव्हतं. त्यामुळे कुणाला संशय यावा असं काही घडलंच नाही. नकाशावर ठिपक्याखाली 'शेवटचा ठाव कधीचा' ते लिहिलेलं असायचं. पण तीही बारीक अक्षरं. ते फक्त ठिपका बघायचे.

मग पाऊस उघडला. तिच्या गोळ्या संपत आल्या होत्या म्हणून ते सकाळी औषधाच्या दुकानाकडे निघाले. शिंपिणीने दारातून विचारलं, की मी काकूंपाशी येऊन बसू का. हातातलं काम तिने बाजूलाही ठेवलं होतं. त्यांनी तिला फोन दाखवला. म्हणाले, "नको बाई, तू शिवत बस, गिऱ्हाईक खोळंबेल तुझं. हा बघ ठिपका. आता दिवसभर जागा असतो."

दुकानाबाहेर त्यांना गोदामातला जुना फोरमन भेटला. किती वर्षांनी. त्याचेही केस गेले होते, दात नवे होते. चहा घेऊ म्हणाला. मेनस्विचनी फोन बघितला. ठिपका घरात. बसले. जुन्या गोष्टी निघाल्या, तो नासलेला माल, तो वास, साहेबाने नाकाला रुमाल लावून केलेलं भाषण. पुन्हा फोन बघितला. ठिपका घरात. फोरमन म्हणाला, आणखी अर्धा घेऊ. कितीतरी महिन्यांत असं कुणाशी बसून बोलणं झालं नव्हतं. त्यांनी आणखी अर्धा घेतला.

घरी आले तर दार नुसतं लोटलेलं होतं.

त्यांनी हाक मारली. फोन काढून बघितला, ठिपका घरात होता. म्हणजे न्हाणीघरात असेल. तिथे नव्हती. गॅलरीत नव्हती. खाटेखाली वाकून बघितलं. कपाट उघडलं, कोट बाजूला सारून आत हाक मारली. पुन्हा नकाशा बघितला, बोटांनी मोठा केला, ठिपका याच खोलीत होता, ते उभे होते तिथेच. ते परत खाटेखाली वाकले. शिंपीण धावत आली, म्हणाली, काका, काकू नाहीयेत आत. ते म्हणाले, आहे, इथेच आहे, हे बघ. आणि खिडकीचा पडदा झटकून बघायला लागले. तिने त्यांच्या हातून फोन घेतला, ठिपक्याखालची बारीक अक्षरं वाचली. आणि तो त्यांच्यापुढे धरला. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. तो खाली आणून त्यांनीही वाचलं. कित्येक दिवसांपूर्वीचा ठाव होता तो.

फोन लावला तर वाजत होता. वाजून वाजून थांबत होता. तिला हल्ली ती घंटा आपली आहे हेच कळायचं नाही, वाजली की ती शेजारच्या दाराकडे बघायची. शिंपीण पोलीस चौकीकडे पळाली. मेनस्विचनी मुलीला फोन केला. ती आधी शांतपणे सगळं ऐकत राहिली. मग तिने विचारलं, तुम्ही त्या फोनला काही केलं होतं का?

"बॅटरी वाचवली," ते म्हणाले.

ती एवढंच म्हणाली, की मी निघते, तुम्ही तिला फोन लावत राहा, थांबू नका.

ते रस्त्यारस्त्याने फोन लावत फिरले. भाजीवालीकडे, न्हाव्याकडे, शेजारच्या इमारतीतल्या त्या दारापुढे. बंद पडलेल्या गोदामाच्या फाटकापर्यंतही जाऊन आले. ऊन उतरलं, दिवे लागले. आणि मग कधीतरी, ते मुकाट नंबर दाबत असताना, पलीकडे कुणीतरी उचलला. बसचा कंडक्टर होता. म्हणाला, शेवटच्या थांब्यावर बोलतोय, एक आजी बसमधून उतरतच नाहीयेत, मघापासून पिशवीत काहीतरी वाजतंय म्हणून मी काढलं.

ते पोहोचले तेव्हा ती रिकाम्या बसमध्ये खिडकीशी बसली होती. एका पायात चप्पल नव्हती, टाच फुटली होती, रक्त वाळून काळं झालं होतं. गाऊन चिखलाने माखला होता. दिवसभर पाणीही प्यायली नसावी, ओठांना सालं आली होती. कंडक्टरने आपली बाटली तिच्या हातात दिली होती, ती तिने नुसती धरून ठेवली होती. त्याने हळू आवाजात त्यांना सांगितलं, की आजींना चला म्हटलं तर ऐकत नाहीत. आमचे हे आले की निघू म्हणतात. सगळीकडचे दिवे बंद करून मगच निघतात, म्हणून उशीर होतो, असं मलाच समजावत होत्या.

मेनस्विच तिच्या शेजारच्या सीटवर बसले. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"झाली का फेरी?" तिने विचारलं.

"झाली," ते म्हणाले. निळ्या पिशवीतला फोन त्यांनी हातात घेतला. इतका वेळ वाजूनही त्याची बॅटरी अर्ध्याच्या वर शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. आईची टाच धुऊन पट्टी बांधली, तिला झोपवलं, मग फोन उघडून कुठलं ॲप झोपवलेलं आहे ते बघितलं आणि जागं केलं. वडिलांच्या फोनवर ठिपका लगेच थरथरून ताजा झाला. ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लहानपणी ताप आला की ते तिच्या पाठीवरून फिरवायचे तसा.

"ती मला विसरली नव्हती गं," ते म्हणाले. "बसमध्ये पण नाही."

"माहीत आहे, बाबा."

"पण ठरलं होतं ते ठरलं होतं."

तिने मान खाली घातली. त्यांनी अडवलं असतं तर कदाचित तिने आणखी एकदा ऐकलंही असतं. ते दोघांनाही कळत होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढून ती टाच हलत नव्हती. त्यांनी स्वतःच कपाटातून बॅग काढली. गाऊन, स्वेटर, रात्री घालायचे मोजे, केसांना लावायचं तेल त्यात भरलं, केस डाव्या बाजूने विंचरायचे असतात हे मुलीला सांगितलं. चहात पावडर नसली तरी तिला तसं म्हणायचं नाही, हेही नर्सला सांगायला सांगितलं. मग समोर जाऊन शिंपिणीकडून लाल कापडाचा तुकडा मागून आणला आणि निळ्या पिशवीच्या दोरीला गाठ मारून बांधला. बायकोने ती चिंधी बोटांनी चाचपून पाहिली. ती कुठल्या रंगाच्या ढिगात लावायची याचा विचार करत असावी. गाडीत बसताना ती त्यांना म्हणाली, की तुम्ही दिवे बघून या मागाहून, आम्ही थांबतो.

आता मेनस्विचकडे इमारतीतली माणसं अजूनही फोन घेऊन येतात. ते बघून देतात, पण पूर्वीसारखं भाषण करत नाहीत. काही झोपवण्याआधी चष्मा लावतात, आणि फोनवाल्याला एकेक नाव वाचायला लावून विचारतात, की यातलं कुठलं चालू राहायलाच हवं ते आधी सांगा. लोकांना कंटाळा येतो. ते म्हणतात, काका, करा हो सगळीच बंद. ते करत नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या फोनवर मात्र नकाशा कायम उघडा असतो, पडदा उजळलेला. बॅटरी दुपारच्या आतच संपते, मग ते भिंतीजवळ खुर्ची ओढून चार्जरच्या वायरीएवढ्या अंतरात बसतात. शिंपीण एकदा म्हणाली, की काका, तुमचाच फोन एवढा कसा हो खातो. ते म्हणाले, खाऊ दे.

मुलीने त्यांना सांगितलं आहे, की आई फोन गळ्यात ठेवत नाही तिथे, तो खाटेजवळच्या खणात चार्जिंगला असतो. तेही जाणतात. दर महिन्याला जातात तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघतात, पिशवी तिथेच असते, चिंधीसकट. गेल्या खेपेला तिने त्यांना नर्सचा भाऊ समजून बसायला सांगितलं होतं.

आणि एकाच जागी ठेवलेल्या फोनचाही ठिपका थोडासा हलतो. वायरमनच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचं कारण कुणी सांगायला नको. तो सिग्नलचा खेळ असतो, त्यात माणसाचं काही नसतं. तरी तो जरासा उजवीकडे सरकला की ते खुर्चीत पुढे वाकतात. त्या बाजूला त्या घराची गॅलरी आहे.

"उठली वाटतं," ते म्हणतात, आणि तो परत जागेवर येईपर्यंत बघत बसतात.